उजव्या दाराचा खालचा स्क्रू

४ ऑक्टोबर १९८८, मंगळवार

टक्!

एवढाच आवाज. वाळकी काडी मोडते त्याहूनही बारीक. पितळी स्क्रूचं डोकं तुटतं तेव्हा लाकूड काही बोलत नाही. १९३६ साली ऐकलेला हा आवाज आज सकाळी लापशी ढवळताना पुन्हा ऐकला — अगदी स्वच्छ.

दोष लापशीचा नाही, पास्टरबाईंच्या फोनचा.

"ओबेदकाका, चर्चमधल्या भांड्यांच्या कपाटाचं उजवं दार खाली घासतंय हो. डेल येऊन गेला, त्याचं ते विजेचं यंत्र घेऊन. एका स्क्रूची खाचच खाऊन ठेवली त्याने! वर म्हणतो कसा, असले स्क्रू आता वापरतं कोण? तुमच्याकडे जुनी हत्यारं आहेत ना?"

आहेत, म्हणालो.

"आणि कपाटही तुमच्याच घरचं काम ना? बघा, योग आहे!"

हो, म्हणालो. लापशी करपली.

५ ऑक्टोबर

धुकं. धक्क्यावरच्या होड्या दिसत नाहीत. गेलो नाही.

६ ऑक्टोबर

पेटी काढली. पलंगाखालून ओढताना गुडघे मोजून दोनदा बोलले.

सात स्क्रूड्रायव्हर. पणजोबांपासूनची पेटी. हिची रीत अशी, की ती एकालाच जाते, फोडून वाटत नाहीत. घरात मुलगे दोन असोत की पाच — एकालाच.

मुठी पिवळ्या कठीण लाकडाच्या, गोल नव्हे, चपट्या लंबगोल. तळहातात फिरत नाहीत आणि बाकावर ठेवल्या तर गडगडत नाहीत. जोर मुठीच्या जाडीतून येतो. पात्याच्या लांबीतून येतो असं लोकांना वाटतं, पण लांब पातं फक्त सरळ ठेवतं. हे बाबांनी एकदा सांगितलं, पुन्हा कधी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला ते उत्तर देत नसत.

आठ नंबरच्या स्क्रूला चौथा. टोकाची रुंदी खाचेइतकीच हवी. रुंद असेल तर आजूबाजूचं लाकूड ओरखडतो, अरुंद असेल तर खाच कुरतडतो. चौथा हातात घेतला — आणि लाज वाटली! टोकाचा कोपरा गोल झालाय. साठ सालच्या सुमाराला मी याने रंगाचा डबा उघडला होता. आठवतं. बाबा नव्हते तेव्हा, म्हणूनच उघडला.

७ ऑक्टोबर

चौथ्याचं टोक कानशीने घासलं. दोन्ही गाल समांतर हवेत. पाचरीसारखं टोक खाचेतून वर चढतं आणि घसरतं. घासायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. हात थरथरतात, पण कानशीवर ठेवले की थांबतात. का कोण जाणे.

मग परीक्षा. फळीत एक स्क्रू बसवला, चौथा त्याच्या खाचेत उभा केला आणि हात सोडला.

उभा राहिला! कोणी न धरता. चौथीत मिस आइझनरांनी मला पहिल्यांदा बाकावर उभं केलं होतं कविता म्हणायला, तेव्हा मी असाच उभा होतो.

*समुद्रा, तुझिया पायरीवरती*
*कोणी सांडले मीठ?*

पुढच्या दोन ओळी दिवसभर आठवत होतो. येत नाहीत.

८ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकतो. वहीला कुठे कान आहेत.

ते कपाट बाबांनी परीक्षा म्हणून दिलं होतं. ओकचं, दोन दारांचं. डावं दार माझ्या भावाकडे, एल्बर्नकडे, उजवं माझ्याकडे. तो मोठा, चोवीसचा. मी बावीसचा. ज्याचं दार चांगलं, त्याची पेटी. आणि पेटी ज्याची, त्याचं दुकान.

बाबांचा नियम गावभर माहीत होता: बिजागरीवरच्या सगळ्या खाचा उभ्या. एकही तिरकी नाही. स्क्रू घट्ट झाला आणि खाच उभी नसली तर तो काढायचा, दुसरा लावून बघायचा, तिसरा बघायचा. शंभरांच्या डबीत एक तरी नेमका थांबतोच. पितळ मऊ असतं. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा, मग पितळी स्क्रूला मेण लावून तो घालायचा.

शुक्रवारची दुपार. माझे सतरा झाले होते, सगळे उभे. अठरावा — मधली बिजागरी, चौकटीकडचा खालचा. पोलादी घालायचा कंटाळा केला. पितळी थेट घातला. घट्ट झाला तेव्हा खाच बाराला दोन मिनिटं कमी. दोनच मिनिटं! डबी पलीकडच्या बाकावर होती. उठायचाही कंटाळा केला. म्हटलं, एवढंसं वळण तर द्यायचंय.

दिलं.

टक्.

डोकं माझ्या तळहातावर पडलं. दांडा ओकच्या पोटात राहिला. एल्बर्न डाव्या दाराशी पाठमोरा शीळ घालत होता. सरस गरमच होता. डोकं चिकटवलं आणि नखाने फिरवून खाच उभी केली. अठरांतली सगळ्यांत उभी खाच तीच!

शनिवारी बाबा खुर्ची टाकून कपाटापुढे बसले आणि खाचा वाचत गेले. वाचतच — डावीकडून उजवीकडे, ओठ हलवत. एल्बर्नच्या वरच्या बिजागरीशी थांबले.

"ही तिरकी का?"

"घट्ट बसला. तिथेच थांबलो."

"अजून चिमूटभर फिरला असता."

"तुटला असता, बाबा."

"ओबेदचे नाही तुटले ते!"

एल्बर्नने मान खाली घालून हातावरचा भुसा झटकला. मी माझ्या दाराची कड पुसत राहिलो. बाबांनी पेटी पायाने माझ्याकडे सरकवली.

सोमवारच्या बसने एल्बर्न गेला.

९ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेलो. नेहमीच्या जागी बसलो — ते कपाट ज्या खोलीत आहे तिच्या दाराकडे पाठ करून. शेजारची व्हर्ना मला कित्येक वर्षं विचारते, तुला तिथे वारा लागत नाही का रे? लागतो.

१० ऑक्टोबर, सोमवार

सुगीचा सण. व्हर्नाकडे जेवण. शेजारी राहून पन्नास वर्षं झाली, तिच्या नवऱ्याला जाऊनही पंधरा झाली, पण ताटात वाढते खलाशाला वाढावं तसं. टर्की, आंबवलेला कोबी, वर घरचं सॉसेज.

"खा रे. वाळून खुंटी झालायस."

"तुझं खाऊनच मरेन मी."

"मग मर की. पेटी मला दे, मी त्यात सुया ठेवीन."

मी विचारलं, एल्बर्नचं काही कळलं का तुला? दर नाताळला त्याच्या बायकोचं कार्ड यायचं, मला एक, हिला एक. गेली दोन वर्षं मला आलं नाही.

"मलाही नाही," ती म्हणाली. मग प्लेटी उचलताना: "शहात्तरचा झाला असेल तो. आपल्या वयात कार्डं थांबली की समजून घ्यायचं, ओबेद."

समजून घेतलं होतंच. कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं इतकंच.

बावन्न वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने मला एकदाच लिहिलं. विंडसरला मोटारींच्या कारखान्यात लागला होता तेव्हा. दीड ओळ. 'इथे स्क्रूंना चौकोनी भोक असतं. खाच उभी की आडवी विचारायला कोणी नाही. मजेत आहे.' ते कार्ड मी शाळेच्या जुन्या वाचनमालेत ठेवलंय, समुद्राच्या कवितेच्या पानावर.

११ ऑक्टोबर

उद्या पास्टरबाई शेजारी उभ्या राहणार. डोकं नखाने सुटेल. त्या विचारतील, हे काय?

किंवा मी दुपारी एकटाच जाईन. नवं डोकं, नवा सरस. दहा मिनिटांचं काम. मी मेल्यावरही कोणाला कळणार नाही.

दार पडलं नाही कधी, कोणाला लागलं नाही. सतरा स्क्रूंनी अठरावा सांभाळून घेतला. म्हणून तर सांगायची वेळच आली नाही! पण त्या एका डोक्यावर दुकान माझं झालं, घर माझं झालं, गाव माझं राहिलं. एल्बर्नला मोटारी मिळाल्या.

आता सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं तो असेल तर.

१२ ऑक्टोबर

गेलो. सकाळीच, पास्टरबाईंसमोर. कसली बहादुरी नाही. दुपारी पाय दुखतात.

दार घासतंय त्यात बिजागऱ्यांचा काही दोष नाही. जमीन खचलीय, कपाट उजवीकडे झुकलंय. ते डेलला खाली चकती सारून सुधारता येईल. पण दार उतरवावं लागणार.

वरच्या बिजागरीपासून सुरुवात केली. जुना स्क्रू काढायचा तर आधी खाचेतलं वार्निश टोच्याने कोरून काढायचं, तळापर्यंत. मग स्क्रूड्रायव्हर बसवून मुठीवर लाकडी हातोडीचा एक ठोका. मग आधी घट्ट करायच्या बाजूला केसभर, नंतर उलटा. पकड सुटते.

पास्टरबाई स्टुलावर बसून बघत होत्या. "काका, तुम्ही त्याला उलट घट्ट का करता?"

"त्याला वाटायला हवं आपण त्याच्या बाजूचे आहोत."

हसल्या. म्हणाल्या, रविवारच्या प्रवचनात घालते. नका घालू, म्हणालो.

वरची आणि खालची बिजागरी झाली. मधली राहिली. तिकडे पाहिलं नाही. म्हटलं, उद्या. दमलोय. पास्टरबाई म्हणाल्या, अहो तीनच तर राहिलेत चौकटीकडचे! उद्या, म्हणालो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

सावकाश लिहितो.

मधली बिजागरी. दिवा जवळ घेतला. वरची खाच उभी. मधली उभी. खालची —

तिरकी! बाराला पाच मिनिटं कमी.

पहिला विचार: सरस वाळला, डोकं फिरलं. नख घातलं. हललं नाही. पुन्हा घातलं. नख मोडलं. चौथा बसवला आणि फिरवला. हाताला पकड लागली — खरी, खोलवरची, ओकची पकड. कुरकुरत बाहेर आला. पूर्ण स्क्रू. सव्वा इंच. आट्यांवर अजून मेण.

भोकात दिव्याने पाहिलं. माझा तुटलेला दांडा नाही. कोणी तरी तो सभोवार कोरून काढलाय, जागा भरलीय आणि भरलेल्या लाकडात नव्याने भोक पाडलंय. भरलेलं लाकूड फिकट, आणि मधोमध जांभळी रेघ.

लायलॅक.

भोकं भरायला लायलॅकच्या खुंट्या अख्ख्या गावात एकच माणूस करायचा. परसातल्या झुडपाच्या फांद्या तासून खिशात ठेवायचा. बाबा चिडवायचे — फुलझाडाच्या खुंट्या! लग्न लावतोस का लाकडाचं?

बसने जायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, एल्बर्न तीन तास घरात नव्हता. आम्ही म्हणालो, बसला असेल कुठे तरी कुढत.

पास्टरबाईंनी विचारलं, काय झालं काका? मी स्टुलावर बसलो होतो. त्या कधी उठल्या ते कळलंच नाही. म्हणालो, काही नाही, भावाचं काम आहे हे. चांगलं आहे.

१४ ऑक्टोबर

शीळ! मी 'टक्' नंतरची शीळ आठवून बघतोय. थांबली होती. नक्की थांबली होती.

१५ ऑक्टोबर

म्हणजे शनिवारी बाबा 'ओबेदचे नाही तुटले' म्हणाले तेव्हा त्याला माहीत होतं. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं असतं तरी पुरे होतं. पाहिलंही नाही.

रविवारी येऊन माझं दार नीट केलं. घट्ट बसला तिथे थांबला. खाच तिरकी ठेवली. लपवलंही नाही — कपाट उघडणाऱ्या कोणालाही दिसेल अशी! बावन्न वर्षं तिथे होती. मीच पाठ करून बसलो.

१६ ऑक्टोबर, रविवार

आणि बाबा? मरेपर्यंत, पंधरा वर्षं, दर महिन्याला प्रभुभोजनाची भांडी काढायला ते कपाट त्यांनीच उघडलं. त्यांच्या डोळ्याला ती खाच दिसली नसेल?

मी पुढे दुकानात लावलेल्या खाचा त्यांनी कधी वाचल्या नाहीत. खुर्ची टाकून बसलेच नाहीत परत. मला वाटायचं, विश्वास.

आज त्या दाराकडे तोंड करून बसलो. वारा तिथेही लागतो.

१८ ऑक्टोबर

डेलने चकती सारली. कपाट ओळंब्यात आलं. दार परत चढवलं, अठरा स्क्रू, डेलने खाल्लेल्याच्या जागी एक नवा, आधी पोलादी घालून. प्रत्येक जिथे घट्ट बसला तिथे सोडला. एल्बर्नचा त्याच्याच भोकात घातला, तो आपणहून बाराला पाच कमीवर थांबला.

व्हर्ना फुलं लावायला आली होती. चष्मा पुसून पाहिलं.

"हे काय! अठरा खाचा अठरा दिशांना. पोरांनी केल्यासारखं."

"हो."

"डोळे गेले की काय तुझे?"

"आले," म्हणालो.

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

२० ऑक्टोबर

पत्र. तीनदा लिहिलं. पहिल्यात कविता शिरली, फाडलं. दुसऱ्यात बाबा शिरले, तेही फाडलं. तिसरं:

'एल्बर्न, उजव्या दाराचा खालचा स्क्रू मी तोडला होता आणि डोकं सरसाने चिकटवलं होतं. तुला माहीत होतं हे मला गेल्या गुरुवारी कळलं. पेटी तुझी आहे. असशील तर कळव, पाठवतो. ओबेद.'

'असशील तर' खोडावंसं वाटलं. राहू दिलं.

जुन्याच पत्त्यावर. दुसरा माझ्याकडे नाही.

२१ ऑक्टोबर

व्हर्नाने टपालात टाकलं. पाकिटावरचं नाव वाचलं, काही म्हणाली नाही. तिने काही न म्हणणं म्हणजे बातमीच.

२९ ऑक्टोबर

काही नाही.

३ नोव्हेंबर

धक्क्यावर शेवंडीचे सापळे रचायला लागलेत. महिनाअखेरीला हंगाम. लहानपणी एल्बर्न सापळ्यांच्या ढिगावर चढायचा आणि मी खाली उभा राहून कविता म्हणायचो. त्याला एकही पाठ नसायची. म्हणायचा, तुझ्याकडे आहेत ना, मग मला कशाला?

७ नोव्हेंबर

पत्र परत आलं. पाकीट न उघडलेलं. वर शिक्का: या पत्त्यावर राहत नाहीत.

टेबलावर ठेवलंय. पेटीशेजारी.

८ नोव्हेंबर

कळलं ते उशिरा कळलं. बस.

१० नोव्हेंबर

स्वयंपाकघराचं दार कुरकुरतं म्हणून व्हर्ना दोन वर्षं माझ्या मागे आहे. आज केलं. बिजागऱ्या उतरवल्या, जुनी भोकं भरली, नवे पितळी स्क्रू. आधी पोलादी, मग मेण, मग पितळी. घाई कशाची?

भोकं भरायला लाकूड हवं होतं. परसातलं लायलॅकचं झुडूप अजून आहे. अर्धं वाळलंय, पण आहे. एक फांदी घेतली. जांभळी रेघ निघाली मधोमध.

खाचा जिथे थांबल्या तिथे थांबल्या. दार आवाज करत नाही आता. थोडं चुकल्यासारखं वाटतं.

१२ नोव्हेंबर

पेटीचं काय करावं? डेलला नको, तो हसेल. व्हर्ना खरंच सुया ठेवील. पास्टरबाई म्हणतात, गावच्या संग्रहालयाला द्या, काचेत ठेवतील. खाली पाटी: ओबेद झ्विकर यांची हत्यारे.

नाही.

१६ नोव्हेंबर

तिसरी ओळ आठवली! *लाटा येती, पुसून जाती.* चौथी नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

चारच्या सुमाराला मागच्या दारावर थाप. व्हर्ना असणार म्हणून बसल्या जागेवरून ओरडलो, ढकल, उघडंच आहे!

ढकललं नाही. उठलो, उघडलं.

लांब कोट, हातात सुटकेस, माझ्याहून वाकलेला. माझ्याकडे बघतच नव्हता. उघड्या दाराच्या बिजागरीकडे बघत होता, मान तिरकी करून.

"ओबी," तो म्हणाला. "खाच तिरकी आहे."

मीही बिजागरीकडे पाहिलं.

"घट्ट बसला. तिथेच थांबलो."

एल्बर्नने टोपी काढली. पत्र टेबलावर न उघडलेलंच पडलं होतं; तो आपणहून आला होता.

"मग येतो आत," म्हणाला.